दोनच सर्व्हर आहेत, डीआरबीडी लावायचंय. स्टोनिथशिवाय भागेल का?

दोन_नोड:

मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे. पण अर्धवट लिहिलं की पहिला प्रतिसाद "अजून माहिती द्या" असाच येतो, म्हणून सगळं एकदाच ओततो.

दोन सर्व्हर आहेत. पहिल्यावर पोस्टग्रेस (डेटाबेस) चालतं आणि त्याच मशीनवरून अपलोड झालेल्या फाइली एनएफएसने बाकीच्या अ‍ॅप सर्व्हरना मिळतात. दुसरा सध्या रात्रीचा बॅकअप घेतो आणि उरलेला वेळ पंखे फिरवत बसतो. पहिल्यात एनव्हीएमई डिस्क आहेत. दुसरा थोडा जुना, त्यात साध्या साटा एसएसडी. दोन्हीकडे २ टीबीचा एलव्ही (एलव्हीएमने कापून दिलेला डिस्कचा तुकडा). सॅन (दोघांना सामाईक स्टोरेज) नाही आणि मिळणारही नाही, तो विषय दोनदा मांडून झालाय. वरून फर्मान असं की एक मशीन आडवं झालं तर दुसऱ्याने मिनिटभरात काम उचललं पाहिजे, आणि त्यासाठी कुणाला झोपेतून उठवावं लागता कामा नये.

माझा बेत: दोघांमध्ये १० गिगाबिटची थेट केबल, मध्ये स्विच नाही. तिच्यावर डीआरबीडी (एका मशीनच्या डिस्कवरचं लिखाण नेटवर्कवरून दुसऱ्यावर उतरवत राहणारं), वर एक्सएफएस फाइलसिस्टिम, त्यावर डेटाबेस आणि फाइली. पेसमेकर (कोणती सेवा कुठे चालवायची ते ठरवणारं) आणि कोरोसिंक (मशीनांना एकमेकांची खबर देणारं) फेलओव्हर सांभाळतील, फिरता आयपीही तेच हलवतील. व्हीएमवर सगळं उभं करून पाहिलं. सिंक झाला, प्रायमरी (लिहिणारी बाजू; दुसरी ती सेकंडरी) इकडून तिकडे नेला, माउंट झालं, पोस्टग्रेस वर आलं. चकाचक.

खऱ्या मशीनवर मात्र दोन ठिकाणी गाडी अडली. डीआरबीडीचा प्रोटोकॉल सी (दोन्हीकडे लिहून होईपर्यंत थांबणारा) लावला की छोट्या छोट्या कमिटचा वेग डोळ्यांदेखत खाली येतो. ए लावला की जवळजवळ पूर्वीसारखा होतो. मग ए ठेवला तर काय बिघडलं? आणि दुसरं, स्टोनिथ (पलीकडच्या मशीनला जबरदस्तीने बंद पाडायची सोय) कॉन्फिगर केल्याशिवाय पेसमेकर एकही रिसोर्स सुरू करत नाही. जी ट्युटोरियलं वाचली त्यांपैकी बहुतेकांत सरळ "स्टोनिथ-एनेबल्ड फॉल्स" करून पुढे गेलेत. माझ्याकडे तर थेट केबल आहे, मध्ये तुटायला काही नाहीच. मग हे एकमेकांना गोळी घालायचं प्रकरण हवंच का?

टेबलखुर्ची:

पोस्टग्रेससाठी डीआरबीडी कशाला? त्याचं स्वतःचं स्ट्रीमिंग रेप्लिकेशन आहे, सिंक्रोनस कमिट हवं तर तेही मिळतं. स्टँडबाय चालू अवस्थेत असतो, त्याच्यावर वाचनाच्या क्वेऱ्या टाकता येतात, कॅश काही अंशी तापलेली असते. डीआरबीडीच्या सेकंडरीवर माउंटसुद्धा करता येत नाही, म्हणजे तुमचा दुसरा सर्व्हर तसाच पंखे फिरवत बसणार. शिवाय फेलओव्हरनंतर पोस्टग्रेसच्या दृष्टीने मशीनची वीज गेली होती. आधी क्रॅश रिकव्हरी, वॅलची (बदलांच्या नोंदवहीची) उजळणी, मग दार उघडणार. मॅक्स-वॅल-साइझ ढगाएवढा वाढवून ठेवला असेल तर तुमचं मिनिट तिथेच संपलं.

फाइलींसाठी डीआरबीडी ठेवा हवं तर. डेटाबेस वेगळा काढा.

रातपाळीचा_रूट:

टेबलखुर्ची म्हणतात ते डेटाबेसपुरतं बरोबर आहे. पण फाइली आणि डेटाबेस एकाच क्षणाचे हवे असतील, म्हणजे टेबलात नोंद आहे आणि फाइल नाही असं चालणार नसेल, तर दोन्ही एकाच व्हॉल्यूमवर ठेवून खालून रेप्लिकेट करणं यात मला वावगं दिसत नाही. एकच यंत्रणा सांभाळायची, हेही काही कमी नाही. तेव्हा डीआरबीडी ठरलंय असं धरून लिहितो.

आधी स्टोनिथ, कारण त्यापुढे प्रोटोकॉलचा प्रश्न किरकोळ आहे.

ब्लॉक इकडून तिकडे पोचवायचं काम डीआरबीडी चोख करतं. २०१० साली २.६.३३ कर्नलमध्ये हे मॉड्यूल आलं, जुनं आणि मुरलेलं आहे. कॉपी करताना चुकलं म्हणून डेटा गेला असं मी फारसं पाहिलेलं नाही. जे पाहिलंय ते सगळं "आता लिहायचा हक्क कोणाचा" या एकाच प्रश्नावर घसरलेलं.

तुमची थेट केबल घ्या. ती तुटत नाही म्हणता. ठीक. पण कार्डाचा ड्रायव्हर अडकतो, फर्मवेअर अपडेटनंतर पोर्ट वर येत नाही, कुणीतरी रॅकमागे हात घालून भलतीच केबल ओढतो. पहिल्या मशीनला दुसऱ्याकडून काहीच ऐकू येईनासं होतं. पलीकडचा मेला की मधली वाट बंद झाली? आतून पाहिलं तर दोन्ही अगदी सारखं दिसतं. दोघांनीही "तो मेला, आता मी" असं ठरवलं की दोघं प्रायमरी, दोघांकडे तोच आयपी, एका म्यानात दोन तलवारी.

एका ठिकाणी निस्तरायला मला बोलावलं होतं, तिथलं सांगतो. दोन स्विच, प्रत्येक स्विचवर एक डेटाबेस नोड आणि निम्मे अ‍ॅप सर्व्हर. कोरोसिंक आणि डीआरबीडी दोन्ही स्विचमधल्या त्याच एका दुव्यावर. स्टोनिथ बंद. दुवा गेला, आणि दोन्ही बाजू आपापल्या निम्म्या जगाला घेऊन सुखाने चालू राहिल्या. मॉनिटरिंग हिरवंगार, कारण तेही एकाच बाजूला होतं. दुवा परत आला तेव्हा डीआरबीडीने स्प्लिट-ब्रेन (दोन्ही बाजूंनी वेगवेगळं लिहिलंय हे) ओळखला आणि दोन्ही बाजू स्टँडअलोन (एकमेकांपासून तोडलेल्या) करून हात वर केले. ते त्याचं बरोबरच होतं. त्याला ब्लॉक कळतात, ऑर्डरी कळत नाहीत. आता दोन्ही डेटाबेसांत त्याच क्रमांकांच्या ऑर्डरी होत्या, दोन वेगळ्या गिऱ्हाइकांच्या. सीक्वेन्स दोन्हीकडे एकाच आकड्यापासून पुढे गेला होता ना. एका बाजूचा पूर्ण डंप काढला, नोंदी हाताने जुळवल्या, नवे क्रमांक दिले, ज्यांना जुने क्रमांक ईमेलने गेले होते त्यांना पुन्हा कळवलं. मगच त्या बाजूला सेकंडरी करून "डिस्कार्ड-माय-डेटा" देऊन जोडली. आफ्टर-एसबीच्या (स्प्लिट-ब्रेननंतर आपोआप काय करायचं त्या) पॉलिसीत कुणी "धाकटा प्रायमरी फेकून द्या" असलं काही लिहून ठेवलं नव्हतं हे नशीब. तशी पॉलिसी लागू झाली असती तर निम्म्या ऑर्डरी एक ओळ लॉगमध्ये टाकून गायब झाल्या असत्या.

हा झाला बोंबाबोंब होणारा प्रकार. मला त्याहून भीती वाटते ती गुपचूप प्रकाराची. प्रोटोकॉल सी लावला म्हणजे दोन्ही प्रती कायम सारख्या, असा समज असतो. तसं नाही. सेकंडरी दिसेनासा झाला की प्रायमरी एकटाच लिहीत राहतो आणि कोणते ब्लॉक बदलले ते बिटमॅपमध्ये खुणावून ठेवतो. ४ केबीच्या ब्लॉकला एक बिट. हे योग्यच आहे, नाहीतर दोन मशीन लावून उपलब्धता निम्मी व्हायची. पण समजा सकाळी लिंक गेली, कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि संध्याकाळी प्रायमरी मेला. पेसमेकर इमानेइतबारे सेकंडरीला वर आणणार. सेवा मिनिटभरात चालू, सगळे खूश, आणि डेटा सकाळचा.

यासाठीच डीआरबीडीत "फेन्सिंग रिसोर्स-अँड-स्टोनिथ" हा पर्याय आहे (फेन्सिंग म्हणजे पलीकडच्याला कुंपणाबाहेर ठेवणं). लिंक गेली की प्रायमरी आयओ (वाचन-लिखाण) गोठवतो, फेन्स-पीअर हँडलर चालवतो. तो पेसमेकरमध्ये बंधन घालतो की पलीकडच्याला प्रायमरी करायचं नाही. कोरोसिंकचंही बोलणं तुटलेलं असेल तर स्टोनिथने पलीकडचा खरोखर बंद झाल्याची खात्री होईपर्यंत थांबतो. मग आयओ पुन्हा सुरू. हा पर्याय डीआरबीडी ९ मध्ये नेट विभागात लिहायचा, ८.४ मध्ये तो डिस्क विभागात होता. जुन्या ट्युटोरियलवरून उचललात तर इथेच ठेचकाळाल. कर्नलसोबत येणारं मॉड्यूल ८.४ चं असतं, ९ वेगळं बसवावं लागतं. तुमच्याकडे मॉड्यूल कोणतं आणि वरची साधनं कोणती, ते आधी तपासा. दोन्ही वेगळी निघाली तर नवल नाही.

आणि केबलचा प्रश्नच सोडा. स्टोनिथ लागतं त्याचं रोजच्या व्यवहारातलं कारण फार साधं आहे: अनमाउंट अडकतो. एखादी प्रोसेस डिस्कच्या वाटेवर लटकते, किल केलं तरी हलत नाही. रिसोर्स थांबला नाही म्हणजे दुसरीकडे सुरू करता येत नाही, आणि मशीन बंद पाडायची मुभा नसेल तर पेसमेकर तो रिसोर्स ब्लॉक करून गप्प बसतो. मग कुणाला तरी झोपेतून उठवावं लागतं. तुमच्या फर्मानातलं दुसरं कलम इथे मोडतं.

आता प्रोटोकॉल. ए मध्ये लोकल डिस्कवर लिहून झालं आणि पाकीट आपल्याच टीसीपी बफरमध्ये पडलं की काम झालं असं धरतात. मशीन त्या क्षणी गेलं तर बफरात होतं ते गेलं. डेटाबेसने गिऱ्हाइकाला "झालं" म्हणून सांगितलेलं असतं. लांबच्या जागी प्रत ठेवायला ए ठीक. शेजारच्या मशीनवर आपोआप फेलओव्हर करायचा असेल तर सी, दुसरं काही नाही.

तुमचा वेग केबलने खाल्लेला नाही. थेट १० गिगाबिटवर एक फेरी मिलिसेकंदाच्या लहानशा अंशात होते. सी मध्ये लोकल आणि पलीकडचं लिखाण समांतर चालतं, म्हणजे वेग ठरतो तो हळू डिस्कवर. साध्या एसएसडीत वीज गेल्यावर तगवणारे कॅपॅसिटर नसतात, त्यामुळे प्रत्येक फ्लशला ती खरोखर फ्लॅशपर्यंत लिहीत बसते. पोस्टग्रेसच्या प्रत्येक कमिटमागे एफसिंक (डिस्कवर पक्कं लिहून घ्यायचा हुकूम), प्रत्येक एफसिंकमागे पलीकडची ती बिचारी डिस्क. दुसऱ्या मशीनवर नुसत्या एलव्हीवर, मध्ये डीआरबीडी न ठेवता, एफआयओने (डिस्कचा वेग मोजायचं साधन) ४ केबीचं लिखाण एफसिंकसह चालवून बघा. आकडा तिथेच सापडेल. डिस्क बदला. "डिस्क-फ्लशेस नो" करून वेग मिळवायचा मोह होईल. कॅपॅसिटरवाल्या डिस्क किंवा बॅटरीवाला कंट्रोलर नसताना तो करू नका.

दोन_नोड:

रूटराव, दंडवत. एफआयओ चालवलं. नुसत्या साटावर एफसिंकसहित आकडा जवळपास तोच आला जो सी मध्ये कमिटचा येतोय. म्हणजे डीआरबीडी बिचारं निर्दोष. कॅपॅसिटरवाल्या डिस्कची मागणी टाकलीय.

मॉड्यूल ८.४, साधनं ९. तुम्ही म्हणालात तसंच. ९ बसवतो.

स्टोनिथसाठी दोन्हींत आयपीएमआय (मशीन दुरून बंद-चालू करायची आतली सोय) आहे. तेवढ्यावर भागेल ना? आणि पहिल्या मशीनवरचा एलव्ही आधीच भरलेला आहे, एक्सएफएस. डीआरबीडीचा मेटाडेटा (बिटमॅप वगैरे) कुठे ठेवायचा? एक्सएफएस लहान करता येत नाही.

रातपाळीचा_रूट:

एलव्हीएम आहे म्हणजे सोपं. एलव्ही थोडा वाढवा, फाइलसिस्टिम वाढवू नका. शेवटी जी मोकळी जागा उरेल तिथे इंटर्नल मेटाडेटा बसतो. १ टीबीला बिटमॅप ३२ एमबी, म्हणजे तुमच्या २ टीबीला ६४, वर थोडं ॲक्टिव्हिटी लॉगचं. एक-दोनशे एमबी वाढवलेत तरी पुष्कळ. पण ९ मध्ये बिटमॅप प्रत्येक जोडीदारासाठी वेगळा असतो. पुढे तिसरी प्रत ठेवायचा विचार असेल तर मेटाडेटा बनवतानाच मॅक्स-पीअर्स वाढवून द्या आणि जागा त्या हिशेबाने सोडा. नंतर भर घालायची म्हणजे परत सगळं उतरवा. जागा कमी पडत असेल तर क्रिएट-एमडी स्वतःच अडतं, डेटावर चढत नाही. तरी आधी बॅकअप, हे सांगायला नको.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. एफएसटॅबमधली (सुरू होताना काय माउंट करायचं त्या यादीतली) जुनी ओळ काढा. नुसती नोऑटो करू नका, काढाच. डीआरबीडी चालू असताना खालचा एलव्ही माउंट करायला गेलात तर तो व्यस्त आहे म्हणून नकार मिळतो, तिथे धोका नाही. धोका आहे तो एखाद्या रीबूटनंतर डीआरबीडी वर आलं नाही आणि एफएसटॅबने थेट खालचा एलव्ही माउंट केला तर. सगळं नेहमीसारखं दिसतं, डेटाबेसही चालतो. पण ते लिखाण डीआरबीडीच्या पाठीमागून होतं, बिटमॅपला पत्ता नाही. पुढच्या वेळी दोघं जोडले की "अपटूडेट, अपटूडेट" दाखवणार आणि आत दोन प्रती वेगळ्या.

आयपीएमआयवर एकट्यावर विसंबू नका. मशीनची वीजच गेली तर त्याचं आयपीएमआयही जातं. मग जिवंत नोड "त्याला बंद कर" असा हुकूम देतो, उत्तर येत नाही, आणि खात्री नाही म्हणून तो थांबून राहतो. म्हणजे पलीकडचं मशीन ठार मेलेलं असताना क्लस्टर लटकलेला. दोन पॉवर सप्लाय दोन वेगळ्या फीडवर, आणि दुसऱ्या पातळीवर आउटलेट बंद करू शकणारा पीडीयू (रॅकमधली वीजपट्टी). दोन सप्लाय असतील तर पीडीयूवरचे दोन्ही आउटलेट बंद व्हायला हवेत, हे कॉन्फिगरेशनमध्ये विसरलं जातं. आयपीएमआयची केबल आणि कोरोसिंकची केबल एकाच स्विचवर नकोत. कोरोसिंक ३ ला एकाहून अधिक लिंक देता येतात. एक थेट केबलवर, एक नेहमीच्या नेटवर्कवर.

दोघं एकाच वेळी एकमेकांना बंद पाडू नयेत म्हणून एका नोडच्या फेन्सिंगला काही सेकंदांचा उशीर लावा. कोरोसिंकमध्ये टू-नोड लावलंत की वेट-फॉर-ऑल आपोआप येतं, म्हणजे दोन्ही बंद होऊन परत सुरू झाले तर एकमेकांना पाहिल्याशिवाय पुढे जात नाहीत. लोकांना याचा राग येतो आणि ते बंद करतात. करू नका.

तिसरं कुठलंही छोटं मशीन हाताशी असेल तर त्याचा उपयोग करा. डीआरबीडी ९ मध्ये ते डिस्कशिवाय जोडता येतं, नुसतं मत द्यायला. क्वोरम मेजॉरिटी लावायचं. प्रायमरी दोघांपासून तुटला की स्वतःहून लिहायचा थांबतो. फक्त ते तिसरं मशीन या दोघांपैकी एकावर चालणारं व्हीएम नको. हसू नका, पाहिलंय.

एनएफएसग्रस्त:

मिनिटभराचा शब्द वर दिलाय म्हणून मध्ये बोलतो. एनएफएस ४ असेल तर सर्व्हर पुन्हा उठल्यावर ग्रेस पीरियड चालतो, लिनक्सवर डीफॉल्ट ९० सेकंद. त्या काळात जुने क्लायंट आपले लॉक परत मागतात, नवे लॉक आणि नव्या फाइल उघडणं थांबलेलं असतं. डीआरबीडी, माउंट, आयपी सगळं वीस सेकंदांत झालं तरी अ‍ॅप सर्व्हर दीड मिनिट ताटकळणार. लीज आणि ग्रेस दोन्ही कमी करता येतात, करा. पण इतकंही नको की संथ क्लायंटचे लॉक हुकतील.

एक्सपोर्टमध्ये एफएसआयडी (फाइलसिस्टिमची ओळख) दोन्ही नोडांवर हाताने एकच लिहा, नाहीतर फेलओव्हरनंतर स्टेल फाइल हँडलची बरसात. व्हार-लिब-एनएफएस रेप्लिकेटेड व्हॉल्यूमवर हवं, नाहीतर कोणाचे लॉक होते ते नव्या नोडला कळणार कसं?

आणि चाचणी. रीबूट कमांड देऊन फेलओव्हर झाला म्हणजे चाचणी झाली असं समजू नका, ते तर सभ्य हस्तांतरण. इंटरफेस सॉफ्टवेअरने डाउन करणंही खरं नव्हे. जुनं कोरोसिंक त्यावर भलतंच वागायचं. कर्नल मुद्दाम पाडा, सिसआरक्यूला सी पाठवून. केबल हाताने उपटा, आधी डीआरबीडीची, मग कोरोसिंकची, मग दोन्ही. वीज काढा. हे सगळं डेटाबेसवर लोड असताना.

दोन_नोड:

वीज काढून पाहिली. रूटराव म्हणाले तसंच झालं, जिवंत नोड आयपीएमआयची वाट बघत बसला. पीडीयूची पातळी लावल्यावर पुढे सरकला. ग्रेस कमी केला, तरी मिनिटात बसवायला ओढाताण होतेय, त्यामुळे वर "दोन मिनिटं" असं लेखी कळवलं. कुणी हूं की चूं केलं नाही.

दोन शेवटचे प्रश्न. पहिला सिंक १० गिगाबिटवर इतका रेंगाळतोय का? आणि प्रती खरोखर सारख्या आहेत हे अधूनमधून कसं तपासायचं?

रातपाळीचा_रूट:

रिसिंकचा कमाल वेग डीफॉल्टला सेकंदाला १०० एमबीच्या आसपास अडवलेला असतो. सी-मॅक्स-रेट वाढवा, सेवा चालू असेल तर सी-मिन-रेटकडेही लक्ष द्या, नाहीतर सिंक आणि डेटाबेस एकमेकांच्या तंगड्या ओढतील.

तपासायला ऑनलाइन व्हेरिफाय आहे. आधी व्हेरिफाय-अल्ग लिहा, नाहीतर तो सुरूच होत नाही. दोन्हीकडचे ब्लॉक वाचून हॅश ताडून बघतो, सेवा थांबवावी लागत नाही. पण वेगळे सापडलेले ब्लॉक तो फक्त खुणावतो, दुरुस्त करत नाही. त्यानंतर एकदा डिस्कनेक्ट करून कनेक्ट केलं की तेवढेच ब्लॉक सिंक होतात. क्रॉनमध्ये व्हेरिफाय लावून कर्नल लॉगकडे कुणीच बघत नाही असं बऱ्याच ठिकाणी असतं, तर आउट-ऑफ-सिंकचा आकडा शून्याहून वर गेला की अलार्म येईल असं करा. महिन्यातून एकदा पुरे. आणि तुमच्या रात्रीच्या बॅकअपच्या वेळेत नको, दोघंही त्याच डिस्क वाचत बसतील. तो बॅकअप बंद करायचा विचार मनात आला असेल तर काढून टाका; चुकून डिलीट केलेलं टेबल डीआरबीडी पलीकडेही तितक्याच तत्परतेने डिलीट करतं.